अंगठा चालणार नाही

माझ्या टेबलाच्या खणात एक भिंग आहे. डोळे अधू झालेत म्हणून नव्हे, सह्या तपासायला. सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका तंत्रशाळेत मी विद्यार्थी साहाय्य आणि नोकरी विभागाची प्रमुख आहे. दारावरच्या पाटीवर हे सगळं ऐटीत रंगवलंय, पण पोरं मागं मला ‘पोलीस मॅडम’ म्हणतात. म्हणू देत. चोरांच्या गावात पोलीस नको?

आणि चोर तरी कसले! एका वर्षात एकच आजोबा तीनदा वारल्याचे रजेचे अर्ज मी पाहिलेत. होस्टेलवर वेल्डिंगचा एक पठ्ठ्या होता, तो एका वडापावात कुणाच्याही बापाची सही ठोकून द्यायचा. त्यातलाच एक जण तसल्या सहीचं संमतिपत्र देऊन गुजरातेत नोकरीला गेला, आणि आठ दिवसांनी त्याची अख्खी भावकी जीप भरून माझ्या केबिनमध्ये उतरली. ‘आमचं पोरगं कुठं इकलं सांगा!’ सगळा स्टाफ दारात गोळा झाला होता. त्या दिवशी दुधानं तोंड असं पोळलं, की मी आता ताक सोडा, पाणीसुद्धा फुंकून पिते.

तेव्हापासून माझा नियम आहे. जिल्ह्याबाहेर नोकरी लागली की पालकांचं नुसतं संमतिपत्र आणून भागत नाही, त्यावरची सही प्रवेशअर्जावरच्या सहीशी जुळली पाहिजे. दोन्ही कागदांवर तळाला मीच एक ओळ घालून घेतली : अंगठा चालणार नाही. अंगठा कुणीही उठवील, आणि तो कुणाचा हे मला भिंगातून कळत नाही. या ओळीचा मला फार अभिमान होता.

गेल्या वर्षी फिटरच्या वर्गात एकच मुलगी होती. माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली. बोलायची कमी. पण तिनं कानशीनं घासलेल्या लोखंडाला काटकोन तपासायचा गुण्या लावला तर मधून उजेड दिसायचा नाही. चाकणच्या बाजूची एक कंपनी मुलाखतींना आली, तिनं सहा जण घेतले, त्यात हिचं नाव पहिलं. सोमवारी सकाळी कंपनीची गाडी फाटकावर येणार होती. शनिवारपर्यंत संमतिपत्रं माझ्या टेबलावर हवी होती.

शनिवारी ती आली. मी भिंग काढलं. प्रवेशअर्जावर बापाची सही कशी, तर झोकदार, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. संमतिपत्रावरची सही बघितली तर अक्षरं मोठाली, थरथरती, रेघ सोडून वर चढत गेलेली. आंधळ्यालाही कळलं असतं.

“ही कुणी केली गं?”

“आबांनीच केली, मॅडम. कराडकडं शेतात मेंढरं बसवलीत, काल तिथं जाऊन आणली.”

“आणि ही अर्जावरची? ती काय भुतानं केली?”

तिनं मान खाली घातली. “मॅडम, ते आबांना...” एवढंच म्हणाली आणि थांबली. मी तिला थांबूच दिलं. गप्प बसणारा माणूस चोर, हा माझा तीस वर्षांचा हिशेब.

तिच्यासमोरच मी अर्जावरचा नंबर फिरवला. तिच्या चुलत्यानं उचलला.

“तिचा बाप? थोरला मेंढरांकडं हाय, त्याच्यापाशी फोन न्हाई.”

“त्यांनी संमतिपत्रावर सही केलीय का, एवढंच विचारायचंय.”

तो मोठ्यांदा हसला. “आवं मॅडम, थोरल्याला सई कुठली येतीया? शाळंचं तोंड न्हाई बघितलं त्यानं. अंगठेबहाद्दर हाय त्यो! आनि नोकरी-बिकरी काय न्हाई, तिला स्थळ आलंय. लय चांगलं हाय.”

झालं! माझ्या डोक्यात सगळी साखळी जुळली. पोरगी लग्न चुकवून पळायला निघालीय, बापाची खोटी सही करून. आणि जीप भरून भावकी येणार ती पुन्हा माझ्याच दारात. वीस वर्षांची होती ती. कायद्यानं सज्ञान होती, माझ्या नियमानं नव्हती. मी तिच्या नावावर रेघ मारली आणि राखीव ठेवलेलं सातवं नाव वर घेतलं. ती रडली नाही की भांडली नाही. त्यावरून तर माझी खात्रीच पटली. सोमवारी गाडी तिच्याशिवाय गेली, आणि मी समाधानानं चहा प्याले.

मंगळवारी दुपारी शिपाई म्हणाला, एक पागोटेवाले बाहेर बसलेत, सकाळपासून. मी म्हटलं, आली भावकी. खण लावून घेतला, आवाज चढवायची तयारी केली.

माणूस एकटाच होता. मागं दारात ती पोरगी. काठी त्यानं बाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती. खुर्ची दाखवली तरी बसला नाही.

“बाई, म्या पोरीचा बाप. माजी सई चुकली व्हय?”

मी फाइलीतून तिचं संमतिपत्र काढून टेबलावर ठेवलं.

“पोरगी दोन दिस बोलंना झालीया. म्हनली, सई जुळंना म्हनून ऱ्हायलं. तर म्हनलं आपून जावं. दुसरा कागद द्या, परत करतो. जवर जुळत न्हाई तवर करतो. पन माज्या चुकीपायी तिला नगा अडवू.”

“पण तुम्हाला तर सही येत नाही म्हणाले तुमचे भाऊ.”

“त्याला न्हाई ठावं. दिवाळीपासनं शिकतोय. हिनंच शिकवली, तुमच्या त्या कागदावर अंगठा चालत न्हाई म्हनून. घरात कुनाला सांगू नगं म्हनलं म्याच. ह्या वयात गिरवाय बसलाय म्हनून हसत्याती लोकं.”

“मग प्रवेशाच्या अर्जावर?”

“ती धाकल्यानं केली. हितल्या क्लार्कनं माजा अंगठा घेतलाच न्हाई, म्हनला सई पायजे. मग धाकल्यानंच ठोकली माज्या नावानं.”

देवा रे! म्हणजे भिंग घेऊन मी खोट्या सहीशी खरी सही ताडत बसले होते. आणि खोटी सही माझ्याच ओळीनं करायला लावली होती. मला तिथं, त्या खुर्चीत, मेल्याहून मेल्यासारखं झालं. शनिवारी तिचं अर्धं राहिलेलं वाक्य मी पुरं करून घेतलं असतं, तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं.

मी कंपनीला फोन लावला, दोघांसमोर लावला. माझी चूक झाली म्हटलं, गयावया केली. तिथले साहेब म्हणाले, जागा भरल्या, पुढची भरती निघाली तर कळवू.

“म्हंजी कवा?” त्यानं विचारलं.

“सांगता येत नाही.”

तो म्हणाला, “ते स्थळ म्या माघारी धाडलं, बाई. भावाशी भांडान केलं. म्हनलं, पोरगी कामाला जानार, म्या सई केलीया. आता धाकल्याला काय सांगू?”

मी माफी मागितली. तो उलट मलाच “आवं, असूं द्या, असूं द्या” म्हणत राहिला, आणि त्याचा त्रास जास्त झाला.

मग ती पुढं आली. “मॅडम, माझी मूळ कागदपत्रं द्या. माझं मी बघते.” आवाज अगदी सरळ होता. मुलांचे मूळ दाखले मी कपाटात कुलपात ठेवते, कुणी एजंटानं हडप करू नयेत म्हणून. मी ते काढले. नेताना रजिस्टरवर पालकांची सही लागते, हाही माझाच नियम. म्हटलं, राहू द्या, सहीची गरज नाही.

“न्हाई न्हाई, करतो की,” तो म्हणाला. लगबगीनं पेन घेतलं, वाकला, जीभ दातात धरली आणि एकेक अक्षर काढत गेला. चांगली दोन मिनिटं लागली. ओळ पुन्हा वर चढली.

त्यानं रजिस्टर माझ्याकडं सरकवलं, आणि माझी नजर, मेली सवय, आपोआप शेजारी पडलेल्या संमतिपत्रावर गेली. त्यानं ते पाहिलं.

“जुळली का वो, बाई?”

मी हो म्हणाले. जुळली नव्हती.