पांढऱ्या जोडीची काळी पिल्लं

काका गच्चीवर कबुतरं पाळायचे. त्यातल्या पांढऱ्या जोडीची अंडी तीनदा पोकळ निघाली, तेव्हा मादी वांझ आहे असं ठरवून ते तिला जयसिंगपूरच्या बाजारात विकायला निघाले. काकूलाही मूल नव्हतं. दवाखान्यात तपासण्या मात्र फक्त तिच्याच झाल्या, याची मला अजून चीड येते.

विकायच्या आधीच मादीनं पुन्हा अंडी घातली. दोन पिल्लं निघाली, दोन्ही काळ्या पंखांची. काळा नर तेवढा शेजारच्या गच्चीवर होता. काका मादीला शिव्या घालत बसले. पांढरा नर पिल्लांना गुमान भरवत होता.

काकूनं ज्वारीचं ताट खाली ठेवलं आणि ती शांतपणे म्हणाली, "म्हंजे खोट तिच्यात न्हवती की."