रातपाळीच्या सहा टोप्या

तक्ते लावण्यात माझा हात धरणारं आमच्या केंद्रातल्या शाळांत कोणी नव्हतं, हे मी आजही बिनधास्त सांगते. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर काही वर्षांनी माझी बदली भंडारा जिल्ह्यातल्याच एका खाणीच्या गावात झाली. तिसरीचा वर्ग मिळाला आणि दोन महिन्यांत मी भिंती भरून टाकल्या. कोणाच्या घरी बैल किती, कोणाला कोणती भाजी आवडते, कोण पायी येतं. मुलं घरोघर विचारून यायची, चिठ्ठ्या करायची, रकान्यात चिकटवायची. केंद्रप्रमुख आले की आधी माझाच वर्ग बघत.

माझा सगळ्यात लाडका तक्ता वाचनाचा. संध्याकाळी घरी एक पान मोठ्यानं वाचायचं आणि वाचलं असेल तर सकाळी आपल्या नावापुढे कपाळाची एक टिकली लावायची.

वर्गात सगळ्यात छान वाचणारी मुलगीच इथं डोकेदुखी झाली. दोन आठवडे टिकल्या ओळीनं, तिसरा आठवडा कोरा. पुन्हा तेच. हिचा आळस हिवतापासारखा दिवस ठरवून येतो, असं मी स्टाफरूममध्ये सांगायचे आणि सगळे हसायचे. सव्वीस जानेवारीला संविधानाची उद्देशिका तीच वाचणार होती. पाठ केव्हाच झाली होती, तरी माइक खरंच मिळेल ना, असं ती रोज विचारायची. जानेवारीत पुन्हा आठवडा कोरा जायला लागला तेव्हा मी चिडले. उद्देशिका आता दुसरी मुलगी वाचेल, असं भर वर्गात जाहीर केलं. तिनं खाली मान घालून पुस्तक उघडलं. मला तो उर्मटपणा वाटला.

त्याच आठवड्यात गणितात चित्रालेखाचा, म्हणजे चित्रं चिकटवून आकडे दाखवायचा, धडा होता. खाणीच्या गावाला साजेसा विषय म्हणून मी मुलांना बाबांची या आठवड्याची पाळी कोणती ते विचारून यायला सांगितलं. प्रत्येकानं खाणीत घालतात तशी कागदाची पिवळी टोपी कापली, तिच्यावर नाव लिहिलं आणि सकाळ, दुपार, रात्र यांपैकी आपल्या रकान्यात चिकटवली. भिंतीवर जागाच उरली नव्हती, म्हणून हा तक्ता वाचनाच्या तक्त्याला खेटून टांगला.

रातपाळीत सहा टोप्या निघाल्या, त्यांत तिचीही. मी नावं मोठ्यानं वाचायला लावली आणि माझी नजर शेजारी गेली. त्या सहाही नावांपुढे त्या आठवड्यात एकही टिकली नव्हती. इतर पाचांकडून माझी अपेक्षाच नव्हती, त्यामुळे त्यांचे कोरे कप्पे मला कधी टोचले नव्हते.

वसाहतीतली घरं एका खोलीची. रातपाळीचा माणूस संध्याकाळी जेवून झोपतो आणि रात्री कामावर जातो. तोवर घरात भांडंही वाजू देत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी त्याच वसाहतीच्या कडेला राहत होते. आणि टिकल्यांचं पाकीट तर टेबलावर उघडंच पडलेलं असायचं. खोटी टिकली लावायला कोण अडवत होतं? तिनं एकही लावली नव्हती.

उद्देशिका तूच वाचणार, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. मग विचारलं, "मले आधी सांगितलं काहून नाही?"

"मॅडम, तुम्ही 'वाचलं का' येवढंच विचारत होत्या." तिनं तक्त्याकडे बोट केलं. "तेच्यात दुसरा खाना कुठं आहे?"

मला लाज वाटली, चांगलीच वाटली. मी तिच्या हातात स्केचपेन दिला आणि तक्त्यावर एक रकाना वाढवायला सांगितलं. तिनं पट्टी लावून सरळ रेघ ओढली. वर नाव काय द्यायचं, असं मी विचारलं, तर तिचं उत्तर तयारच होतं.

"बाबा झोपून आहे, असं लिवतो, मॅडम."