एक पाय खासबागेत, एक मच्छेला

हातातली गोष्ट सोडण्याआधी पुढची हातात आलेली असावी, एवढ्या एका सूत्रावर अख्खं आयुष्य काढणारा माणूस बेळगाव-निपाणी पट्ट्यात दुसरा सापडायचा नाही. तो मान माझ्या धाकट्या मामांचा. नवी चप्पल घेतली की ते ती महिनाभर घरातल्या घरात घालून हिंडतात आणि तिची खात्री पटली की मगच जुनीला निरोप देतात. छत्र्या कायम दोन. जेवताना चपाती संपत आली की पानात भात आधीच पडलेला लागतो, नाहीतर शेवटचा घास हातात धरून ते नुसते बसून राहतात. एक गोष्ट सांगता सांगता ती संपायच्या आत दुसरी सुरू करतात, त्यामुळे मामांच्या तोंडून कुठल्याच गोष्टीचा शेवट आमच्यापैकी कुणी अजून ऐकलेला नाही. निपाणीला जायचं असलं तर स्टँडवर लागलेल्या दोन्ही बशींत ते जागा धरतात. एकीत स्वतः, दुसरीत रुमाल. एकदा तो रुमाल उडू नये म्हणून त्यावर त्यांनी मामीच्या बहिणीसाठी घेतलेला कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईचा, डबा ठेवला आणि नेमकी रुमालाची बस आधी सुटली. मामांनी खिडकीतून तिला जाताना पाहिलं आणि मला म्हणाले, "बघ, जागा पक्की हुती का न्हाय?" कुंदा निपाणीला आमच्याआधी पोचला, पण कुणाच्या घरी ते काही कळलं नाही.

हा माणूस असा का, याचं मला लहानपणापासून कुतूहल. आई म्हणायची, त्याचा स्वभावच तसा. पण मामांच्या लग्नातले फोटो मी पाहिले आहेत. त्यातले मामा चांगले बेफिकीर, एकाच छत्रीत भागणारे दिसतात. म्हणजे मधे कुठंतरी काहीतरी झालं असणार, असा माझा संशय. त्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "एक पाय टेकल्याबिगर दुसरा उचलायचा न्हाय रं. पडतंय माणूस." आणि लगेच ते दुसरीच गोष्ट सुरू करत.

मामा सरकारी कचेरीत कारकून. बेळगावातच, खासबागेत, आक्कांच्या घराच्या वरच्या मजल्यावर ते भाड्यानं राहायचे. आक्का म्हणजे घरमालकीण. नवरा वारलेला, मुलगा बंगळूरला, खालच्या मजल्यावर त्या एकट्या. भाडेकरार नेहमीसारखा अकरा महिन्यांचा, पण तो संपायच्या महिनाभर आधीच मामा नवा कागद टाइप करून आक्कांपुढे ठेवत. आक्का म्हणत, "कागूद कशाला रं आण्णा? घर पाठीवर घिऊन पळून जातोस व्हय?" मामा हसत, पण कागद मागे घेत नसत. मग आक्का चहा टाकत, चष्मा न लावताच सही करत, आणि दोन्ही मजले पुन्हा अकरा महिन्यांसाठी निर्धास्त होत.

अशा माणसानं शहराबाहेर मच्छेला स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं तेव्हा भाडं कधी बंद करायचं हा प्रश्न घर कुठलं घ्यायचं याहून मोठा झाला. बिल्डर म्हणत होता, दसऱ्याला किल्ली देतो. आक्कांकडचा करार संपत होता मार्गशीर्षात. मधली सगळी दिवाळी दोन्ही घरं हातात, असा मामांचा हिशेब. त्यातच त्यांच्या एकुलत्या लेकीची बातमी आली. पहिलं बाळंतपण, ते माहेरी, आणि तेही मार्गशीर्षातच. मामीनं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला. "माझ्या लेकीचं बाळ आपल्या छताखाली येऊ दे. दुसऱ्याच्या तारखेवर न्हाय," ती म्हणाली. पोटुशी बाई घरात असताना वास्तुशांत करावी का, यावर खल झाला. भटजी म्हणाले, लेक दुसऱ्या गोत्रात गेली, आता हरकत नाही. मामांनी तरी आणखी एका भटजींना विचारून ठेवलं. करार संपला की जागा सोडतो, हे आक्कांना त्यांनी गणपतीतच कळवून टाकलं, म्हातारीची जागा एक दिवसही रिकामी पडू नये म्हणून. आक्कांनी खानापूरकडच्या एका शिक्षक नवरा-बायकोला शब्द दिला आणि त्यांनी त्याच हिशेबानं आपली जुनी जागा सोडायचं ठरवलं.

मग दसरा आला, पण किल्ली आली नाही. बिल्डरला विचारलं की तो म्हणे, "पुढच्या आठवड्यात बघूया की, साहेब." मामा मात्र स्वस्थ बसणारे नव्हेत. एका खोलीला दार बसलं होतं, तिला स्वतःचं कुलूप लावून त्यांनी दर रविवारी माझ्या स्कूटरवरून एकेक वस्तू मच्छेला हलवायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी मीठ आणि केरसुणी, पुढच्या रविवारी पोळपाट. लाटणं खासबागेतच राहिलं, कारण सगळं एकदम न्यायचं नाही. दिवाळीपर्यंत त्या संसाराची अशी काही वाटणी झाली की कुकर खासबागेत आणि त्याची शिट्टी मच्छेला, कढई मच्छेला आणि झारा खासबागेत. मामी चहा पदरानं गाळू लागली. चकल्यांचा सोऱ्या वेळेवर मच्छेला गेल्यामुळे त्या दिवाळीला मामांकडे फक्त लाडू झाले. मी म्हटलं, मामा, सामान एकदमच नेऊया की. तर म्हणाले, "घराला माणसाची सवय लागाय पायजे रं, हळूहळू."

करार संपायचा दिवस उजाडला तेव्हा मच्छेच्या घरात शिट्टी होती, सोऱ्या होता, दोन छत्र्यांपैकी एक होती. फक्त वीज आणि पाणी नव्हतं. इकडे दिवस भरत आलेली लेक खासबागेत येऊन राहिली होती. आणि सकाळीच दारात टेम्पो उभा राहिला. शिक्षक जोडपं गाद्यांवर बसून आलं होतं. बिचारे चारचारदा म्हणत होते, आम्ही थांबतो, पण थांबणार कुठं? त्यांच्या जुन्या घरातही दुसरं कुणीतरी उतरत होतं. मामा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आज दोन्ही पाय वर हाईत रं माझे."

वर भांडी बांधताना मामीनं मला ते सांगितलं, जे इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. लेक जन्मली तेव्हा मामा निपाणीला नोकरीला होते. तिथला करार संपला, मालकाला जागा हवी होती, आणि नवी जागा मिळेल, मिळेल म्हणत मामा गाफील राहिले. "सुवेर फिटायच्या आत बाहेर पडलो. ओली बाळंतीण मी, पोर पदराखाली, आणि निपाणीच्या यष्टीत बसायला जागा न्हाय, खालीच बसले," मामी म्हणाली. "बेळगावपतूर हे माझ्याम्होरं उभारून आले. तवापास्नं हे असं." मला त्या दोन बशी आठवल्या, एकीत मामा आणि दुसरीत रुमाल. इतकी वर्षं आम्ही ज्याला हसत आलो ते हे होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

खाली आलो तर आक्का मामांसमोर उभ्या होत्या. "उठ की आण्णा, वाटंत बसलास तर त्यास्नी सामान कसं न्यायचं? आणि तुझं इकडं आण, माझ्या आतल्या खोलीत." मामांनी चाचरत काहीतरी विचारलं. मला "कागद" एवढाच शब्द ऐकू आला. आक्का म्हणाल्या, "बाळंतपण दारात असताना कागूद बघतंय व्हय कोण? बाळ लिवाय शिकलं की त्याची सही घेते. जा, बंबात पाणी घाल."

नातू आक्कांच्या घरी आला. बारशाला पाळणा त्यांच्याच माजघरात बांधला. मामी आधी जरा हिरमुसली होती, पण पाळण्याची दोरी पहिल्यांदा ओढायचा मान तिनं आपणहून आक्कांना दिला. "छत कुणाचं का असंना, तारीख नव्हती," एवढंच ती मला म्हणाली. मामा सव्वा महिना बिनकागदाचे राहिले आणि त्यांना रात्री गाढ झोप लागते, असं मामीनं आईला आश्चर्यानं कळवलं. मग मच्छेला वीज आली, पाणी आलं, वास्तुशांत झाली. शिट्टी आणि कुकर यांची भेट झाली. लेक बाळाला घेऊन सासरी गेली.

आता मामा रविवारी उलट्या दिशेनं येतात. खासबागेत राहिलेली, आक्कांनी जिन्याखाली रचून ठेवलेली एकेक वस्तू घेऊन जातात. आधी मी त्यात फार लक्ष घातलं नाही. मग मला शंका यायला लागली की जिन्याखालच्या त्या ढिगात इतकं सामान उरलंच कसं. परवा मच्छेला गेलो तर मामीनं पितळी डबा माझ्यापुढे धरला. बुडावर नाव कोरलेलं होतं, आक्कांचं. "गेले कितीतरी रविवार हेच चाललंय," मामी म्हणाली. "आक्का आपलीच भांडी आमची म्हणून काढून ठेवतात आणि हे घिऊन येतात." मी मामांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "मला वाचाय येतंय की. पण परत द्यायला जायाला पायजे का न्हाय?"

रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, म्हणून मामीनं डब्यात चकल्या भरल्या आणि आम्ही खासबागेत आलो. आक्का ओट्यावर बसून वाट बघत होत्या. अलीकडे त्या थकल्यासारख्या दिसतात. डबा त्यांनी मांडीवर घेतला, उघडला नाही, आणि जिन्याखाली बोट दाखवलं. तिथं एक परात तेवढी ठेवली होती, घासून लख्ख केलेली.

"तुमचं अजून लई सामान ऱ्हायलंय रं आण्णा," त्या म्हणाल्या. "एवढ्यात संपत न्हाय ते."

"न्हाय आक्का," मामा परात उचलत म्हणाले, "सवडीनं नेतो."