सुलेखानं मांडलेलं हैदराबाद

सुलेखा नरवडे आमच्या स्टेशनवर कामाला आली तेव्हा मला वाटलं होतं, ही पोरगी फार दिवस टिकायची नाही. विमान कंपनीच्या काउंटरवर एक गोड आवाज लागतो, तो तिच्याकडं नव्हता. विमान उशिरा असलं की आम्ही म्हणायचो, "थोड्याच वेळात कळवतो." ती म्हणायची, "दोन तास तरी येत नाही, बाहेर जाऊन जेवून या." लोक आधी चिडायचे, मग खरंच जेवून यायचे, आणि पुढच्या खेपेला तिलाच शोधत यायचे.

स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे. एखाद्या गावच्या विमानतळावर कंपनीची जी माणसं असतात, त्या सगळ्यांना मिळून आमच्यात स्टेशन म्हणतात. चिकलठाण्याला आमची कंपनी लहान, पंख्याची विमानं चालवणारी. सकाळी एक विमान मुंबईला जायचं, दुपारी एक हैदराबादला. मी तिकिटांच्या काउंटरवर, वयानं मोठी, म्हणून सगळ्यांची दमयंतीताई. स्टेशन मॅनेजर व्यंकटराव, निवृत्तीला आलेले. आणि बाहेर विमानापाशी सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टोळीचा प्रमुख गोकुळ, गंगापूरकडचा.

सुलेखाचे वडील सर्जेराव एसटीत ड्रायव्हर होते, सिल्लोड डेपोला. ती मिलिंद कॉलेजात शिकली, मग विद्यापीठातून एमबीए केलं. मुकुंदवाडीतल्या घरून स्कूटरवर यायची. गोकुळ तिच्यापेक्षा मोठा असूनही तिला ताई म्हणायचा. त्याच्या आईला डायलिसिसला न्यायचं असलं की सुलेखाची स्कूटर त्याच्याकडं असायची, त्यासाठी विचारावं लागायचं नाही.

सकाळचं विमान गेलं की चहाला सगळे एकत्र बसायचे आणि वाद ठरलेला असायचा. मुंबई आणि हैदराबाद ही दोन्ही आमच्या कंपनीची हब. म्हणजे चहूकडची विमानं तिथं यायची, प्रवासी उतरून पुढच्या विमानात बसायचे. यातलं फायद्याचं कुठलं, यावर व्यंकटराव आणि सुलेखा रोज एकमेकांवर तुटून पडायचे.

"मुंबईला जाणारा माणूस नेहमीचा असतो," व्यंकटराव म्हणायचे. "वाळूजचा कारखानदार असो, मंत्रालयात काम असलेला ठेकेदार असो. ऐनवेळी तिकीट काढतो, भाव विचारत नाही."

"समृद्धी महामार्ग झाल्यापासून तोच माणूस गाडीनं जातो, सर. नाहीतर वंदे भारतनं."

गोकुळ कप धुता धुता हसायचा. "मला काय बी चालंल. सामान दोन्हीकडचं सारखंच जड."

हे असं वर्षभर चाललं. मग एका उन्हाळ्यात कंपनीचं एक विमान इंजिनाच्या सुट्या भागांपायी अडकून पडलं, दुसरं भाड्याचं होतं ते परत द्यावं लागलं, आणि मुख्य कचेरीतून निरोप आला की लहान गावांना यापुढं एकच हब जोडायचं. कुठलं, ते ठरवायला मृण्मयी नावाची अधिकारी आली. विमानांचे मार्ग आखणं हे तिचं काम. जालना रोडवरच्या एका हॉटेलात बैठक झाली. व्यंकटराव, सुलेखा आणि मी, असे आम्ही तिघं स्टेशनकडून होतो.

व्यंकटरावांनी मुंबईची बाजू मांडली. ती काही पोकळ नव्हती. मुंबईला इथून नेहमी मागणी असते, आणि हैदराबादची पुढची विमानं कंपनीनं उद्या कमी केली तर आपलं गाव लटकेल, असं ते म्हणाले. मृण्मयीनं मान हलवली आणि सुलेखाकडं पाहिलं.

"मुंबईला उतरायला जागा मिळत नाही," सुलेखा म्हणाली. "विमान घिरट्या घालतं, इंधन जळतं. उशीर झाला की लोकांचं पुढचं विमान चुकतं आणि त्यांना हॉटेलात आपण ठेवतो. हैदराबादला इथून माणसं कमी बसतात, हे खरं. पण सिल्लोडचा पोरगा आखातात निघालेला असो नाहीतर वाळूजचा इंजिनिअर चेन्नईला, तो पुढंही आपल्याच तिकिटावर जातो. मुंबईला उतरलेला माणूस दाराबाहेर पडला की आपल्यासाठी संपला. विमान भरलेलं दिसतं म्हणून आपण खूश होतो. सगळा प्रवास धरला तर मुंबई तोट्यात आहे."

मला तिचा अभिमान वाटला. व्यंकटरावांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला.

हैदराबाद ठरलं. बातमी आली त्या दिवशी सुलेखानं सगळ्यांसाठी इमरती आणली. दुपारचं विमान वाचलं, एवढंच तिला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. गोकुळनं दोन खाल्ल्या, एक आईसाठी कागदात बांधून घेतली.

पुढच्या आठवड्यात दुसरा हुकूम आला. दिवसाला एकच विमान, तेव्हा एकच पाळी. निम्म्या माणसांची गरज उरली नव्हती. सामानाचं काम बाहेरच्या ठेकेदाराकडं जाणार होतं. गोकुळसारख्या जुन्यांना हैदराबादला बदली देऊ केली होती, नाहीतर राजीनामा.

गोकुळ काउंटरपाशी आला तेव्हा मी तिथंच होते.

"ताई, तुमचंच म्हणणं खरं झालं की."

"गोकुळ, मला हे माहीत नव्हतं."

"व्हय. मला बी नव्हतं."

"बदली घे. मी हैदराबादला बोलते, खोलीचं बघते."

"आईला घेऊन कुठं जाऊ? तिला इथला डॉक्टर लागतो, इथली माणसं लागत्यात. हैदराबादेत तिची भाषा तरी कुणाला कळंल?" त्यानं खिशातून स्कूटरची चावी काढून काउंटरवर ठेवली. त्या दिवशी त्याच्या आईची डायलिसिसची खेप होती. तो रिक्षानं गेला.

त्याच संध्याकाळी सुलेखा व्यंकटरावांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, मला ऐकू येत होतं.

"सर, असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता. दोन विमानं होती म्हणून दोन पाळ्या होत्या. मुंबई ठरली असती तर मागणीपायी सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या राहिल्या असत्या; हैदराबादला एकच, म्हणजे एक पाळी जाणार, हे उघड होतं."

"मग बैठकीत का नाही बोललात?"

व्यंकटरावांनी चष्मा काढून पुसला. "बोललो असतो तर म्हणाले असते, म्हातारा हळवा झाला. म्हणून मीही नफ्याचंच बोललो. आणि तिथं तू माझ्यापेक्षा बरोबर होतीस, त्याला मी काय करू?"

ती म्हणाली, "मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू वेगळं बोलली असतीस?"

ती बाहेर आली आणि काउंटरवरची चावी उचलून निघून गेली. पुढं कितीतरी दिवस ती चहाला आमच्यात बसली नाही. घरीही जेवण कमी झालंय, असं तिची आई मनकर्णाबाई मला फोनवर म्हणाली. "नोकरीत कुणी काही बोललं का तिला, ताई?" मी काय सांगणार? कुणी काही बोललं नव्हतं. तेच तिला खात होतं.

गोकुळ वाळूजला एका कारखान्यात लागला, पाळीच्या बसनं जाऊ-येऊ लागला. बाकीचे कुठं कुठं पांगले.

आणि मग सुलेखा कामाला लागली. तिला लहानपणाची मुक्कामी गाडी आठवत होती. सर्जेराव शेवटची फेरी घेऊन एखाद्या खेड्यात जायचे, गाडी तिथंच मुक्कामाला थांबायची आणि पहाटे तिथल्याच लोकांना घेऊन निघायची. आमचं विमान रात्री हैदराबादला उभं असे. ते इथं मुक्कामाला ठेवलं, सकाळी इथून सुटलं, तर हैदराबादहून सकाळी निघणाऱ्या सगळ्या विमानांना आमची माणसं मिळतील. आणि विमान रात्री उतरणार, सकाळी सुटणार म्हटलं की पुन्हा दोन पाळ्या लागणार.

ती मृण्मयीला फोनवर हे समजावत राहिली. मृण्मयी सरळ बाई होती. "वैमानिकांचं हॉटेल, इथं वेगळा मेकॅनिक, हे खर्च कोण भरणार? तू माणसं परत घ्यावीत म्हणून हे सांगतेयस का?"

"हो," सुलेखा म्हणाली. "त्यासाठीच सांगतेय. पण यात कंपनीचाही फायदा नसेल तर घेऊ नका."

दोनदा नकार आला. हिवाळ्यात अजिंठा-वेरूळचे पाहुणे वाढले तेव्हा प्रयोग म्हणून विमान इथं मुक्कामाला येऊ लागलं आणि ते चाललं. व्यंकटराव निवृत्त होण्याआधी त्यांच्या सहीनं काही जणांना परत बोलावलं गेलं. सगळ्यांना नाही. टोळीच्या प्रमुखाची कंपनीतली जागा मात्र सुलेखानं भांडून गोकुळसाठी राखली होती.

एका रविवारी मी आणि ती गोकुळच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, पण बसली नाही. आई खाटेवर होती. तिनं सुलेखाला ओळखलं आणि जवळ बोलावून हात हातात धरला. सुलेखानं गोकुळला सगळं सांगितलं.

तो ऐकून घेत होता. कारखान्याचा निळा शर्ट अजून अंगावर होता. "नाय ताई," तो म्हणाला.

"का? पगार तोच आहे. जागा तुझीच आहे."

"आज हाय. उद्या पुन्हा कुणीतरी बैठक घेईल. तुमच्यावानी हुशार कुणीतरी खरं बोलंल. मग म्या पुन्हा घरी." त्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हतं. "पहिल्यांदा लई राग आला व्हता तुमचा. आता नाय. तुम्ही खोटं बोलला नव्हता. पर परत नाय येत."

आतून त्याची बायको म्हणाली, "चहा टाकलाय. घेऊन जावा." आम्ही चहा घेतला. सुलेखाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. म्हातारी काही न विचारता तिचा हात थोपटत राहिली.

पुढं मृण्मयीनंच तिला हैदराबादला बोलावून घेतलं, मार्ग आखण्याच्या विभागात. सुलेखा नको म्हणत होती. सर्जेराव म्हणाले, "जा. तिथं बसून निदान बघशील तरी काय चाललंय." ती गेली. आता सणासुदीला येते, तेव्हा मला भेटल्याशिवाय जात नाही.

मागच्या दिवाळीत मी तिला विचारलं, "तिथंही तसेच वाद होतात का? कुठलं गाव ठेवायचं, कुठलं सोडायचं?"

"रोज होतात," ती म्हणाली. "एखादं लहान गाव बंद करायचं निघालं की मी एवढंच विचारते, तिथं आपली कोण कोण माणसं आहेत? नावं काढून आणा आणि इथं वाचा."

"मग थांबतं का?"

"एकदा थांबलं, ताई. बाकीच्या वेळी नावं वाचली जातात आणि गाव बंद होतं."

मी तिच्यापुढं फराळाची ताटली सरकवली. तिनं एक करंजी उचलली आणि गोकुळची आई कशी आहे, ते विचारलं. म्हातारी श्रावणातच गेली होती. मी सांगितलं. सुलेखानं करंजी खाली ठेवली.