लिफ्टमधले चाळीस हत्ती

ऑफिसात तिला सगळे खोडताई म्हणायचे. खोड्या काढायची म्हणून नव्हे, खोट काढायची म्हणून. कुणी कितीही जीव ओतून प्रोग्राम लिहावा, ही बाई समोर बसली की पाच मिनिटांत तो असा मोडून दाखवायची की लिहिणाऱ्याचं तोंड उतरायचं. वय विचारलं की वजा तीन टाकायची. नावाच्या रकान्यात नुसती टिंबंच टिंबं. 'जतन करा'चं बटण एकदा दाबायचं तिथे सतरा वेळा दाबायची. अठरा वर्षं तिने हेच केलं, आणि खरं सांगायचं तर तिला दुसरं काही येतही नव्हतं.

त्यांची कंपनी रुग्णालयांसाठी एक प्रोग्राम बनवायची. मुलाचं वजन टाकलं की औषध किती द्यायचं ते सांगणारा. दर नव्या आवृत्तीला खोडताई शेकडो खोटी मुलं मनाने जन्माला घालून एकेकाचं वजन टाकून बघायची. पण चार महिन्यांपूर्वी टीम लीडने ऑटोमेशन आणलं. म्हणजे माणसाने बटणं दाबायची नाहीत, तपासणी करणाराच एक प्रोग्राम लिहायचा. तो आपोआप चालतो, बरोबर असेल तिथे हिरवी खूण देतो, चुकलं असेल तिथे लाल. भिंतीवर त्या खुणा दाखवणारा मोठा पडदा लागला आणि त्या दिवसापासून तो हिरवागार. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तसं झालं. हाताने तपासणाऱ्यांकडे कुणी ढुंकून बघेना.

शेवटी ऑफिसच्या मोठ्या मॅडमने तिला बोलावून सरळच सांगितलं. पाच दिवसांचं वरच्या पातळीचं ट्रेनिंग आहे, शेवटी परीक्षा. साठ मार्क मिळाले तर तपासणीत राहशील, नाहीतर तक्रारींचे फोन घ्यायला बसायचं. अठरा वर्षांची खुर्ची, आणि ती आता पाच दिवसांवर.

घरी सासूबाईंना हे काही केल्या पटेना. चुका काढायला शिकायला पाच दिवस कशाला लागतात, माझ्याजवळ बस, फुकट शिकवते, असं त्या म्हणाल्या. नवरा शिंपी. तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला की हिला शिकवायची गरज नाही, गेली वीस वर्षं माझ्या प्रत्येक शिवणीत हिला खोट सापडते आहे. तेवढ्यापुरती ती हसली.

वर्गात मात्र हसू आटलं. शिकवणारे सर तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, बोलायला गोड, पण वेग असा की एक वाक्य पकडेपर्यंत पुढची तीन निसटायची. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना एक तयार फाइल दिली. आपापल्या टेस्ट, म्हणजे तपासण्या, हिच्याखाली लिहायच्या, वरच्या कशालाही हात लावायचा नाही, म्हणाले. इथपर्यंत कळलं. मग फांद्या आल्या. प्रोग्रामला म्हणे फांद्या असतात आणि प्रत्येक फांदीवरून एकदा तरी चालून यावं लागतं. खोडताई फळ्यावरचं सगळं मुकाट्याने उतरवून घ्यायची. कोपऱ्यात लिहिलेला वायफायचा पासवर्डसुद्धा तिने व्याख्या समजून पाठ केला, आणि तिसऱ्या दिवशी तो बदलला तेव्हा हिला वाटलं, शास्त्रच पुढे गेलं. शेजारच्या पोरीने सांगितल्यावर लाज वाटली. चौथ्या दिवशी तिने डबा उघडला तसाच बंद केला. आपलं डोकं म्हणजे पालथा घडा झालाय अशी तिची खात्रीच पटली.

पाचव्या दिवशी परीक्षा. एक छोटा प्रोग्राम दिला होता, लिफ्टचा. आत किती वजन आहे ते बघून लिफ्ट चालेल की थांबेल एवढंच तो सांगायचा. अमुक वजनाला चालली पाहिजे, तमुक वजनाला थांबली पाहिजे, अशा त्याच्यासाठी दहा टेस्ट लिहायच्या. जितक्या हिरव्या तितके दहा-दहा मार्क, आणि मार्क देणार संगणकच.

खोडताईने देवाचं नाव घेतलं, निम्मं शेजारच्या पोरीकडे बघत निम्मं अंदाजाने लिहिलं आणि बटण दाबलं. दहाच्या दहा हिरव्या.

दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. ही बसली घाबरून. आयुष्यात तिचं काही पहिल्या फटक्यात बरोबर आलं नव्हतं, लग्नातला उखाणासुद्धा नाही. मग जित्याची खोड, ती कुठली जायला! तिने मुद्दाम एक धडधडीत खोटी टेस्ट लिहिली. लिफ्टमध्ये चाळीस हत्ती, लिफ्ट चालली पाहिजे. ही लाल व्हायलाच हवी होती. बटण दाबलं. हिरवी.

तिने हत्ती चारशे केले. तरी हिरवी.

आता तिचा पुरता गोंधळ उडाला. प्रोग्राम चुकला, की टेस्ट, की आपण? नेहमीसारखं आपणच, असं धरून तिने भीतभीत हात वर केला. सर आले. ती हळूच म्हणाली की माझी टेस्ट लालच होत नाहीये. सर हसले. म्हणाले, मावशी, हिरवीच तर हवी असते, करा सबमिट. वर्गातही दोघंचौघं हसले. खोडताईचे कान तापले, पण हात बटणाकडे जाईना.

"सर, एकदा फक्त लाल करून दाखवा," ती म्हणाली. "मग देते."

सरांनी उभ्याउभ्याच दोन-चार गोष्टी करून बघितल्या. मग खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी ती तयार फाइल उघडली, ज्या वरच्या भागाला कुणी हात लावायचा नव्हता, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. कधीतरी वर्गात दाखवताना टेस्ट मध्येच बंद पडू नये म्हणून त्यांनी तिथे चार ओळी घातल्या होत्या. चूक सापडली तरी गिळायची आणि पुढे जायचं, अशा. नंतर काढायच्या राहून गेल्या. म्हणजे त्या फाइलखाली काहीही लिहा, हिरवंच.

सरांनी वर्गावर एक नजर टाकली. मग आवाज खाली आणून म्हणाले की बाकी सगळ्यांचे पेपर गेलेत, सगळ्यांना शंभर पडलेत, तुम्हीही देऊन टाका, पुढच्या बॅचला मी दुरुस्त करून देतो.

शंभर मार्क! खुर्ची, पगार, भिंतीवरचा पडदा, सगळं त्या एका बटणाखाली होतं. तिला ते हवंही होतं, खोटं कशाला बोला. पण काहीतरी टोचत होतं आणि ते काय ते नीट सांगता येईना.

"मला यातलं फारसं काही कळलेलं नाही, सर," ती शेवटी म्हणाली. "पण हे हिरवं खोटं आहे, एवढं कळलंय."

तिने त्यांच्याकडूनच त्या चार ओळी विचारून काढून टाकल्या आणि पुन्हा चालवलं. हत्ती लाल झाले. पण तिच्या स्वतःच्या दहातल्या सहाही लाल झाल्या. चाळीस मार्क. वेळ संपली तेव्हा तिने चाळीसच पाठवले. नापास.

सर मान खाली घालून बसले होते. तिलाच त्यांची दया आली. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं की ही फाइल आणखी कुणाला दिली होती. सर म्हणाले, सहा बॅचना. आणि खोडताई ताडकन उठली, कारण तिच्या ऑफिसातला टीम लीड ऑटोमेशन शिकला होता तो याच सरांकडे.

जिन्यातूनच तिने मॅडमला फोन लावला. मॅडमने आधी विचारलं, पास की नापास? ती म्हणाली, नापास, चाळीस, पण ते राहू द्या. आपल्या तपासणीची फाइल उघडा, पहिल्या पानावर चूक गिळणाऱ्या चार ओळी आहेत का बघा. पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग मॅडमचा आवाज आला, बारीक, ओळखू न येणारा. आहेत, म्हणाल्या. तू आधी इथे ये.

तिसऱ्या प्रहरी ती आपल्या जुन्या खुर्चीवर बसली. मागे टीम लीड उभा, हाताची बोटं मोडत. खोडताई जुन्या सवयीने एकेक मूल जन्माला घालू लागली. बारा किलो, बरोबर. वीस किलो, बरोबर. मग साडेआठ किलोचं तान्हं. प्रोग्रामने ८.५ मधलं टिंब खाल्लं आणि पंच्याऐंशी किलोच्या माणसाचं औषध सांगितलं.

ही आवृत्ती दोन महिन्यांपूर्वी सव्वीस रुग्णालयांत गेली होती. मॅडमने याद्या काढल्या, प्रत्येकाच्या हातात फोन दिला. खोडताईची पाचावर धारण बसली होती. आकडा दाबताना दोनदा चुकली. तिच्या डोळ्यांपुढे सारखं ते साडेआठ किलोचं मूल येत होतं, आपण मनाने बनवलेलं, आणि आता खरं झालेलं.

पहिल्याच रुग्णालयात मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरने फोन घेतला. खोडताईने धाप लागल्यासारखं सगळं एका दमात सांगितलं.

"टिंब खातं ते? माहितेय की आम्हाला," सिस्टर म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. तान्ह्यांचं औषध आम्ही तेव्हापासून कागदावरच काढतो, दोघी मिळून. तुमच्याकडे तीनदा फोन केला, बाई. दर वेळी तुमचा माणूस म्हणाला, आमच्याकडे सगळं हिरवं आहे."

मूल वाचलं होतं, निदान तिथलं तरी. रडावं, हसावं, की त्या भिंतीवरच्या पडद्यावर चप्पल फेकावी, खोडताईला कळेना. डोळे मात्र आपोआप वाहत होते. तिने सिस्टरला थांबायला सांगितलं, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं की त्यांना आणखी काय काय चुकीचं दिसलंय. सिस्टर म्हणाली, लिहून घ्या, बरंच आहे. अजून पंचवीस रुग्णालयं बाकी होती. खोडताईने पेन शोधलं आणि लिहायला घेतलं.