उजव्या टाचेची मागची कड

माझा मामा चपला-बूट दुरुस्त करतो आणि त्याने आयुष्यात कधी गाडी घेतली नाही. घेता आली नसती असं नाही, नकोच होती. ज्या शहरात सगळं पायांनी गाठता येतं तिथे चार चाकं पोसायची कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याला अंतर विचारा, तो मिनिटांतच सांगणार. भाजीबाजार सात, दवाखाना नऊ, माझं कॉलेज बावीस. "तुझ्या चालीने एकतीस, कारण तू दर काचेपाशी थांबून केस बघतेस."

लग्न ठरलं तेव्हा मामी पुलापलीकडच्या शाळेत शिकवत होती. मामाने घर शोधताना भाडं नंतर विचारलं, आधी घड्याळ लावून प्रत्येक घरापासून शाळेपर्यंत चालून बघितलं. शेवटी खाली दुकान, वर दोन खोल्या असं हे घर घेतलं, कारण इथून शाळा चौदा मिनिटं. गल्ली दगडी फरशांची आणि इतकी अरुंद की समोरासमोर दोन छत्र्या आल्या तर एकीला मिटावं लागतं. मी दोन वर्षांपूर्वी कॉलेजसाठी त्यांच्याकडे आले. मागच्या खोलीत चामड्याच्या गुंडाळ्या आणि त्यांच्या शेजारी माझी कॉट, त्यामुळे माझ्या सगळ्या कपड्यांना बुटाचा वास येतो आणि मैत्रिणी त्यावरून बोलतात. बोलू देत.

मामाला सोल वाचता येतो. खरंच. बूट हातात घेतला की आधी उलटा करणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि मग माणसाशी बोलणार. पत्रं वाटणाऱ्या बाईला म्हणाला, "पिशवी रोज एकाच खांद्यावर घेताय, महिन्याभरात कंबर धरेल." तिची आधीच धरली होती. एका वकिलाला म्हणाला, "साहेब, बूट पाच वर्षांचे आणि सोल काल घेतल्यासारखा. तुम्ही चालता का नुसते उभे असता?" वकील रागावला नाही, उलट दुसऱ्या दिवशी बायकोचे सँडल घेऊन आला, म्हणाला हिचं पण सांगा काहीतरी.

रोज सकाळी मामा मामीला शाळेपर्यंत सोडायला जायचा आणि मग येऊन दुकान उघडायचा. वीस वर्षं. वाटेत ते फार काही बोलायचेसुद्धा नाहीत, मी मागून चालत बघितलंय. गेल्या वर्षी शाळेची सुट्टी संपली तेव्हा मामी म्हणाली, पुलापर्यंतच या, पुढे चढ आहे, तुमचा गुडघा दुखतो. मामाने ते गिऱ्हाइकांना सांगितलं. म्हणजे अगदी मिरवून सांगितलं, "आमच्याकडे गुडघ्याला सांभाळणारं माणूस आहे." मग पुलाच्या मध्यावर तो थांबायचा, हात करायचा, आणि वळायचा.

आणि आता मला जे लिहायला लाज वाटतेय ते. मला माहीत होतं.

परीक्षेच्या दिवशी मी उशिरा निघाले, पुलापलीकडे धावत होते, तर एक पांढरी छोटी गाडी शेजारी थांबली आणि काच खाली झाली. आत मामी. "बस. आणि तोंड शिवून ठेव." शाळा हलली होती. शहराबाहेर, मोठ्या गोदामांच्याही पुढे नवीन इमारत बांधली होती. दोन बस बदलायच्या आणि त्यानंतरही अर्धा तास चालायचं. मामी सुट्टीत गाणं शिकवणाऱ्या बाईंकडून गाडी शिकली, जुनी गाडी घेतली आणि ती पुलापलीकडच्या औषधांच्या दुकानामागे उभी करायची. मी म्हटलं, मामाला सांग ना. ती म्हणाली, "सांगते. वेळ बघून सांगते." तिची वेळ काही आली नाही. आणि मी खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. प्रत्येक परीक्षेला मी तिच्या गाडीतून गेले. एकदा गाडी चालवताना ती गुणगुणत होती. घरी ती कधीच गुणगुणत नाही.

पकडली कशी गेली, तर मामीच्या काळ्या बुटाचा पट्टा तुटला. तिने तो जोड नेहमीसारखा खाली मामाच्या टेबलावर ठेवला. तिचे बूट वीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेच नव्हते, त्यामुळे तिला सुचलंच नाही. मी स्टुलावर बसून नोट्स काढत होते. मामाने बूट उलटा केला. मग दुसरा उलटा केला. मग पुन्हा पहिला. पुलापलीकडच्या स्टँडवरचे टॅक्सीवाले त्याच्याकडे येतात, त्यांच्या सगळ्यांच्या उजव्या बुटाच्या टाचेची मागची कड घासून गोल होते, कारण टाच खाली टेकवून पाय पुढे दाबायचा असतो. चालणाऱ्याची टाच तशी झिजत नाही. हे मला त्यानेच शिकवलं होतं.

त्याने दोन्ही बूट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "टकळे, मामीची गाडी कुठल्या रंगाची आहे?"

आणि मी मूर्खासारखी वहीतून मान वरही न करता म्हटलं, "पांढरी."

जेवताना मामाने विचारलं, "चौदा मिनिटांना गाडी लागत नाही. शाळा कधी हलली?"

मामीने माझ्याकडे बघितलं. "हिने सांगितलं?"

"बुटाने सांगितलं. हिने फक्त रंग सांगितला."

मामीला जरासं हसू आलं आणि लगेच गेलं. "वर्ष झालं."

"म्हणजे वर्षभर मी पुलावर उभा राहून हात करत होतो."

"हो."

"आणि मी वळलो की तू गाडीकडे."

"तुम्ही दिसेनासे होईपर्यंत थांबायचे मी."

"फार उपकार झाले."

"तुमचा गुडघा खरंच दुखत होता."

"गुडघ्याला मध्ये आणू नकोस. त्या बिचाऱ्याला वाटलं त्याची काळजी चाललीय."

मामीने ताट सरकवलं. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती चिडली. "सांगितलं असतं तर काय केलं असतंत? घर तुम्ही निवडलंत. मिनिटं तुम्ही मोजलीत. मला कधी विचारलंत, तुला चालायला आवडतं का? मी नुसती चालले, वीस वर्षं."

मामा उठला. म्हणाला, "बूट उद्या मिळतील."

दुसऱ्या दिवशी बूट फळीवर होते. पट्टा शिवलेला आणि उजव्या टाचेवर मागून चामड्याचा पातळ तुकडा बसवलेला, टॅक्सीवाल्यांना बसवून देतो तसा, इतका सफाईदार की टाका दिसत नव्हता. आणि बुटाला चिठ्ठी. गिऱ्हाइकाच्या मालाला तो ओळखीसाठी चिठ्ठी बांधतो, घरच्यांच्या चपलांना कधी नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "शिक्षिका. टाच." मामीने ती वाचली, बूट घातले आणि चिठ्ठीसकट बाहेर पडली.

मी मामाची माफी मागितली. तो खिळे निवडत होता. म्हणाला, "तुझं काही नाही गं. तू पाहुणी." त्यापेक्षा दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन दिवसांनी त्याने सकाळी दहालाच दुकान बंद केलं. मी विचारलं कुठे, तर म्हणाला, "टॅक्सीवाल्यांनी वाट सांगितलीय, शाळा बघून येतो. किती मिनिटं आहे ते." मी कॉलेज बुडवलं आणि त्याच्या मागे निघाले. मला वाटत होतं मी त्याच्याबरोबर चालले की काहीतरी फिटेल.

पूल, चढ, औषधांचं दुकान. तिथे माझी नजर दुकानामागे गेली तसा तो क्षणभर थांबला, मागच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि पुढे निघाला. तासाभरात फुटपाथ संपला. मग नुसता रस्ता, कडेला धूळ, मोठ्या गाड्यांचा वारा अंगावर. माणसं संपली. चालणारे आम्ही दोघंच, आणि गाड्यांमधले लोक आमच्याकडे बघत होते, काही बिघडलंय का अशा नजरेने. गुडघा दुखायला लागला तसा मामा गोदामांच्या कुंपणाला धरून चालायला लागला. माझ्या पायाला दोन फोड आले. मी बोलले नाही. मी, जिला तो टकळी म्हणतो.

शाळेच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा त्याने घड्याळ बघितलं. "दोन तास पन्नास."

शाळा सुटत होती. मामी किल्ल्या हातात घेऊन बाहेर आली आणि आम्हाला बघून जागच्या जागी उभी राहिली. मामाच्या पँटला गुडघ्यापर्यंत धूळ.

"चालत आलात?"

"तू म्हणाली असतीस," मामा म्हणाला, "तर मी इकडे दुकान टाकलं असतं. दोन खोल्या बघितल्या असत्या. मोजून."

"नसतं टाकलंत."

"ते तुला कसं कळणार? तू मला विचारलंच नाहीस."

"तुम्हीपण नाही विचारलं कधी."

पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी दप्तरं आपटत जात होती.  मामीने गाडीचं पुढचं दार उघडलं. "बसा. पाय बघा तुमचे. बसा, घरी जाऊन काय भांडायचं ते भांडू."

तो दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी येतो मागून," आणि वळला. लंगडत, कुंपणाच्या कडेने.

 मामीने दार तसंच उघडं धरलं होतं. आता ते माझ्यासाठी होतं, आणि माझ्या डाव्या बुटात फोड फुटून मोजा चिकटला होता.

मी बसले.

मामी त्याच्या शेजारून थोडा वेळ अगदी हळू चालवत राहिली, काच खाली करून. त्याने मान वळवली नाही. मागून हॉर्न वाजायला लागले, एक, मग तीन-चार, आणि तिला वेग घ्यावाच लागला. मी मागच्या काचेतून बघत होते. तो ताठ चालत होता, समोर बघत, एकटा.