देवापुढच्या चाव्या

शेजारच्या घरी हळद होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या देव्हाऱ्यापाशी गेलो, तर देवांच्या पुढ्यात, झेंडूच्या फुलांमध्ये, गाड्यांच्या चाव्याच चाव्या पडलेल्या.

आमच्या गावात हळदीला दारू असतेच. पण प्यायलेला माणूस देव्हाऱ्याला शिवत नाही. नवरीची आत्या हेच धरून बसली होती. आदल्या संध्याकाळी फाटकात उभं राहून तिने येईल त्याची चावी मागून घेतली आणि देवापुढे नेऊन ठेवली.

"आत्या, थोडीच घेतलीय. जातो की हळूहळू," एक जावई म्हणाला होता.

"जा ना. देवापुढची चावी उचल आणि जा."

तो अंगणातल्या सतरंजीवर आडवा झाला.

देव्हाऱ्याला ना दार ना कुलूप. दोन पेल्यांनंतर ज्याला समोरून येणारा ट्रक दिसत नाही, घाटाचं वळण आठवत नाही, स्वतःच्या मरणाचीही भीती उरत नाही, तो वीतभर पितळेच्या मूर्तीपुढे हात मागे घेतो. मी बघतच राहिलो.

आंघोळी उरकून, ओल्या केसांनी एकेक जण आला, हात जोडून आपली चावी घेऊन गेला. शेवटी एकच उरली, मोटरसायकलची, गंजलेली.

"ही कुणाची?" मी आत्याला विचारलं.

"आमच्या दिलीपची." आत्याचा मुलगा. अशाच एका हळदीहून पिऊन निघाला होता, तो घरी पोचला नाही.

तिने ती पदराने पुसली.

"सगळ्यांच्या आधी हीच ठेवते. मग बाकीच्यांकडे मागायला धीर येतो."